कॉलेजच्या कुस्ती संघाची भरती आणि आपली चौथीची पोरं



बारावीचा निकाल लागला, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की खेळाच्या संघांचीही भरती सुरू होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या दिवसांत कुस्तीवाल्या पोरांना बरी मागणी असते. यंदा संघ कसा राहील, विद्यापीठाच्या संघात किती पोरं जातील, कलर होल्डर किती होतील, अशी चर्चा कॉलेजच्या मैदानापासून गावच्या पारापर्यंत चालते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवणारा डीएड झालेला मास्तर. कॉलेजच्या कुस्तीबद्दल मी काऊन लिहावं, असं कोणालाही वाटेल. पण माझं मत असं आहे की त्या संघाचं भवितव्य जुलै महिन्यात ठरत नाही. ते आपल्या शाळेच्या पटांगणात आणि पुढे नववी ते बारावीच्या चार वर्षांत पोराच्या ताटात ठरतं. ज्या कॉलेजला ही वर्षं दिसत नाहीत, त्याने जुलैत येऊन तयार पोरगं मागू नये. मागायचंच असेल तर आपण त्याला काय देणार, ते आधी कागदावर लिहून द्यावं. या लेखात एवढंच सांगायचं आहे. आता ते का सांगतो, ते पाहूया.

तीस घरांची पाटी

आधी हिशोब समजून घेऊ. विद्यापीठ पातळीवर कुस्तीचे तीन भाग असतात: मुलांची फ्रीस्टाइल, मुलांची ग्रीको-रोमन आणि मुलींची फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइलमध्ये पाय पकडता येतात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करायची नाही आणि पायाचा डावही लावायचा नाही. प्रत्येक भागात दहा वजनगट. मुलांच्या फ्रीस्टाइलचे गट ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो. मुलींचे गट ५० पासून ७६ किलोपर्यंत.

म्हणजे पाटीवर तीन ओळी आखा आणि प्रत्येक ओळीत दहा घरं करा. झाली ३० घरं. कॉलेजचा कुस्ती संघ म्हणजे ही ३० घरं. आता आपल्या ओळखीतल्या कोणत्याही कॉलेजची पोरं त्यात भरून पाहा. मी भरून पाहिली आहेत. मधली चार-पाच घरं भरतात. ८६ किलोच्या पुढची घरं रिकामी राहतात, कारण तेवढ्या अंगाची पोरं आपल्या कोरडवाहू गावांत क्वचितच असतात. ग्रीको-रोमनच्या ओळीत बहुधा फ्रीस्टाइलचीच पोरं पुन्हा उभी केली जातात. मुलींची ओळ कित्येकदा पूर्ण कोरी असते.

मग भरती कशी होते? रिकामं घर दिसलं की फोन लागतो. "सर, तुमच्या गावात कुस्ती खेळणारं पोरगं आहे का एखादं? ५७ किलोत कोणीच नाही आमच्याकडे." फोन करणाऱ्याचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा माणूस बहुधा एकच असतो. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, ॲथलेटिक्स, कुस्ती, सगळे संघ त्यालाच उभे करायचे असतात. पण घर भरण्यासाठी पोरगं शोधणं आणि पोराला पैलवान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आठ दिवसांत होतं. दुसऱ्याला आठ वर्षं लागतात.

आपली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. हे विद्यापीठ १९८३ मध्ये सुरू झालं आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे त्यात आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या पोरांची गाठ या पाचही जिल्ह्यांतल्या पोरांशी पडते. त्यात अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेली, व्यायाम आणि खेळ हेच जिचं काम आहे अशी. तिथे रोज मैदानावर घाम गाळणारं पोरगं आणि आपल्याकडचं आठवडाभर सराव करून गेलेलं पोरगं, दोघांची जोड लागते. विद्यापीठाच्या संघात निवड झालीच, तर पुढे अखिल भारतीय स्पर्धेत हरियाणाची पोरं समोर येतात. त्यांच्याकडे आखाडा गावातच असतो आणि दूध घरातच.

दंगलीतला वाघ मॅटवर का हरतो

आपल्या जिल्ह्यात पैलवान नाहीत, असं अजिबात नाही. नागपंचमीला, पोळ्याच्या आगेमागे, महाशिवरात्रीच्या जत्रेत गावोगावी कुस्त्यांची दंगल होते. पुसद, उमरखेड, महागावच्या पट्ट्यात तर मराठवाड्यातूनही पैलवान येतात. लहान पोट्ट्यांची कुस्ती रेवड्यांवर लागते, मोठ्यांची नारळावर आणि रोख इनामावर. आपली चौथी-पाचवीची पोरं पहिल्यांदा लंगोट बांधतात ती इथेच. दंगल ही आपली सगळ्यात जुनी निवड चाचणी आहे आणि तिला प्रवेश फी लागत नाही.

पण दंगलीची कुस्ती आणि कॉलेजची कुस्ती यांत फरक आहे. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. चीतपट झाली, ढोल वाजला, संपलं. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती. प्रत्येक पकडीला गुण असतात. रेषेबाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण मिळतो. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपते. मातीत दमानं, जोर अजमावत खेळणारा पैलवान मॅटवर उतरेपर्यंत समोरचा एकेरी पट काढून दोन गुण घेऊन मोकळा झालेला असतो.

पायाखालचंही गणित बदलतं. आखाड्याची माती म्हणजे शेतातली काळी माती नव्हे. काळी माती ओली झाली की चिकटते, सुकली की तिची ढेकळं होतात. म्हणून आखाड्यात लाल माती आणतात, त्यात हळद, ताक, तेल घालून ती मऊ ठेवतात. त्या मातीत पाय रुततो. मॅटवर रुतत नाही, तिथे बूट घालून खेळावं लागतं. सवय नसेल तर पोरगं पहिला एक मिनिट स्वतःलाच सावरत बसतं.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून चालते. तिच्यात आता माती आणि मॅट असे दोन्ही विभाग ठेवलेले आहेत. म्हणजे राज्याने दोन्ही वाटा मानल्या. पण १२ मीटर बाय १२ मीटरची एक मॅट, ती कायम अंथरून ठेवायला एक हॉल आणि शिकवायला एक माणूस, या तीन गोष्टी आपल्या तालुक्यांत एका ठिकाणी सापडणं कठीण. कुठे मॅट असली तर गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली असते, कारण त्याच हॉलमध्ये परीक्षाही घ्यायच्या असतात.

आठवीनंतरचं ताट

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत मिळतो. पहिली ते पाचवीला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं त्याचं प्रमाण आहे. २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. २०२५ च्या सुरुवातीला शासनाने त्याचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून जमवावं असं ठरलं. तरीसुद्धा दुपारचं एक गरम जेवण नक्की मिळतं.

नववीच्या पहिल्या दिवशी ते ताट बंद होतं. पोरगं १४ वर्षांचं असतं. इथून पुढची चार-पाच वर्षं हाडं लांबायची, खांदे भरायची. शालेय कुस्ती स्पर्धांचे १७ आणि १९ वर्षांखालचे गट याच वयात येतात. आणि याच काळात पोरगं सकाळी चहा-बिस्किटावर निघून तालुक्याच्या शाळेत जातं, दुपारी समोसा खातं आणि संध्याकाळी घरी येऊन वरण-भाकरी खातं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत तेही उशिरा.

मेहनत करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आहारतज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या पोराला म्हणजे ७२ ते १२० ग्रॅम. आपल्या भाषेत मांडून पाहू. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यात ६, अर्ध्या लिटर दुधात १६. रोज १०० ग्रॅम शेंगदाणे, चार अंडी आणि अर्धा लिटर दूध घेतलं तर ६५ ग्रॅम झाले. उरलेलं वरण, भाकरी, उसळीतून निघतं. यात बदाम नाही, डब्यातली महागडी पावडर नाही. गंमत बघा, आपल्या शेतात सोयाबीन पिकतं. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पण ते पोत्यात भरून बाजारात जातं आणि घरात परत येतं ते तेलाच्या पिशवीतून. नीट भिजवून, शिजवून खाल्लेलं सोयाबीन किंवा पिठात मिसळलेलं भाजकं सोयाबीन आपल्या घरांत अजून रुळलं नाही.

कॉलेजच्या माणसाला जुलैत पोरगं उभं दिसतं. छाती, मान, दंड बघून तो म्हणतो, "अंगात दम नाही राव." तो दम नववी ते बारावीत शिजायचा राहिला, हे त्याला कोण सांगणार?

रिकाम्या घरासाठी उतरवलेलं वजन

माझा एक माजी विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. चौथीत असतानाच त्याने आमच्या भागातल्या एका दंगलीत रेवड्या आणि नारळ जिंकून आणला होता. घरची तीन एकर कोरडवाहू. बारावी झाल्यावर एका कॉलेजने त्याला बोलावून नेलं. राहायची सोय होईल, खुराक मिळेल, मॅट आहे, असं सगळं तोंडी सांगितलं. पोरगं खूश, बाप त्याहून खूश.

तिथे गेल्यावर त्याचं वजन ६६ भरलं. ६५ च्या घरात आधीचा मुलगा होता, ६१ चं घर रिकामं होतं. "उतरव," असं सांगण्यात आलं. स्पर्धेच्या आधी दोन दिवस त्याने पाणी जवळजवळ बंद केलं, अंगात दोन स्वेटर घालून पळाला. वजन भरलं. पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला पायात गोळे आले आणि हरला. खुराकाचं पुढे काही झालं नाही. मॅट वर्षातून दोनदा उघडली. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेजच सोडलं. आता हंगामात जिनिंगमध्ये गाठी उचलायला जातो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, कुस्तीत हरलो त्याचं काही नाही जी. पण त्याईनं मले पैलवान म्हून नेलं का वजन म्हून नेलं, हे काही समजलं नाही."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख.

वजन उतरवणं हा कुस्तीचा जुना रोग आहे आणि तो जगभर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि त्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोत कांस्य जिंकणाऱ्या अमन सेहरावतलाही आदल्या रात्रभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवावं लागलं होतं. पण त्यांच्या भोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक असतात. आपल्या पोराभोवती कोण असतं? बाजूच्या खाटेवरचा मित्र.

अमेरिकेत १९९७ मध्ये नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पाच आठवड्यांत तीन कॉलेजांचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून शरीरातलं पाणी काढत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने नियम बदलले. रबरी सूट आणि गरम खोल्या बंद केल्या. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पैलवानाच्या शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून त्याने कोणत्या वजनाच्या खाली जायचं नाही हे ठरवायला लागले. आठवड्याला आपल्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही. ६६ किलोच्या पोराला म्हणजे आठवड्याला एक किलो. ६६ वरून ६१ वर यायचं तर त्याला पाच आठवड्यांहून जास्त वेळ द्यायला हवा होता. तो दोन दिवसांत आला. असा साधा हिशोब तर आपल्या पाचवीच्या पोरालाही करता येतो.

कोरी राहिलेली ओळ

आता त्या पाटीवरच्या मुलींच्या ओळीकडे या. ऑलिम्पिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ पासून आहे. २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओत कांस्य जिंकलं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. म्हणजे वर वाट तयार आहे.

खाली काय होतं ते आपण शिक्षक रोज पाहतो. चौथी-पाचवीत पकडापकडी खेळताना पोरींचा जोर पोरांपेक्षा कमी नसतो. सातवीपासून त्या पटांगणाच्या कडेला उभ्या राहायला लागतात. कारणं फार मोठी नाहीत. कपडे बदलायला जागा नाही. शिकवायला बाई नाही. मानव विकासची बस शाळा सुटली की निघते आणि सराव असतो संध्याकाळी. सराव शाळेच्या वेळेला जोडला तर बसचा प्रश्न सुटतो. ज्या कॉलेजला मुलींच्या दहा घरांतली चार घरं जरी नीट भरता आली, त्याचा संघ विद्यापीठात नजरेत भरेल. कारण बाकीच्यांचीही ओळ कोरीच आहे. निव्वळ मेडलचा हिशोब करणाऱ्यालाही हे पटायला हवं.

खाशाबांचं कॉलेज

चांगलं कॉलेज पैलवानासाठी काय करू शकतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १५ जानेवारी १९२६ चा जन्म. हा दिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून आपण शाळेत साजरा करतो. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहानखुरे. असं सांगतात की कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांची अंगकाठी बघून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा दांडग्या पोरांना चीत केलं.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीत वाढलेला हा पैलवान मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आजच्या कोणत्या प्राचार्यांनी घर गहाण टाकावं, असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, अंगकाठी बघून भरती केली असती तर खाशाबा पहिल्याच दिवशी घरी गेले असते. दुसरी, त्या कॉलेजने पोराला आपलं मानलं आणि आपलं मानल्याची किंमतही मोजली.

पण कॉलेजकडे पैसे कुठे आहेत?

हा प्रश्न रास्त आहे. अनुदान तुटपुंजं, पदं रिकामी. बाहेर तरी सगळं फुकट मिळतं का? अमेरिकेत मोठ्या कॉलेजांच्या कुस्ती संघात दहा वजनगट असतात आणि कित्येक वर्षं एका संघाला वाटायला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या मिळायच्या. म्हणजे दहा गटांना दहासुद्धा नाहीत. मग प्रशिक्षक त्याचे तुकडे करून वाटायचे. कोणाला अर्धी, कोणाला पाव. पण कोणाला किती मिळणार हे पोराला आणि घरच्यांना सही करण्याआधी कागदावर दिसायचं. पैसा कमी असणं हे एक. काय देणार ते न सांगणं हे वेगळं. आपल्याकडे दुसऱ्याला पहिल्याची सबब सांगितली जाते.

दुसरा आक्षेप असा की खरा चांगला पैलवान इथे थांबतच नाही, पुण्या-कोल्हापूरला जातो. खरं आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात जाऊन घडला. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य त्याने मिळवलं. एखादा असा निघाला तर त्याला आनंदाने पाठवावं. पण मागे राहणाऱ्या शंभर पोरांचं काय? त्यांना ऑलिम्पिक नको आहे. त्यांना पोलीस भरतीत टिकेल असं शरीर हवं आहे, शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला लागेल असं खरं, पडताळणीत टिकणारं प्रमाणपत्र हवं आहे आणि पदवी हवी आहे. हे देणं आपल्या कॉलेजच्या आवाक्यात आहे.

कागदावर काय असावं

माझी मागणी एका पानाची आहे. पैलवानाला प्रवेश देताना कॉलेजने पालकासमोर हे लिहून द्यावं:

१. मॅट आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता उघडी राहील आणि शिकवायला कोण असेल.

२. खुराक काय मिळेल, किती महिने मिळेल. शेंगदाणे आणि अंडी एवढंच असलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं.

३. हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टरसमोर वजन होईल. रिकामं घर भरण्यासाठी घाईने वजन उतरवायला सांगितलं जाणार नाही.

४. गुडघा, खांदा गेला तर दवाखान्याचा खर्च कोण करेल.

५. स्पर्धेमुळे बुडालेलं प्रात्यक्षिक, परीक्षा कशी भरून निघेल. आणि कुस्ती सुटली तरी फीची सवलत त्या वर्षापुरती राहील की नाही.

ज्या गोष्टी देता येत नाहीत तिथे "नाही" लिहावं. बापाला "नाही" वाचता आलं तर तो निर्णय तरी नीट घेईल.

आणि आपण शिक्षकांनी? उंची-वजन तर आपण प्रगतिपुस्तकात लिहितोच. ज्या चार-पाच पोरापोरींमध्ये कुस्तीचा पिंड दिसतो, त्यांची एक वेगळी वही ठेवू. आपली शाळा सोडून ती हायस्कूलला गेली की ती वही तिथल्या सरांच्या हाती देऊ. पालकसभेत सोयाबीन-शेंगदाण्याचा हिशोब फळ्यावर मांडू. जवळच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाला हिवाळ्यात एकदा शाळेत बोलावू. पैलवान पोरं चौथीच्या पोरांसोबत तासभर खेळली, तर दोघांचंही भलं होईल. यात शासनाच्या कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

यंदाचा अंदाज

हंगामाआधी सगळेच अंदाज सांगतात, मीही सांगतो. यंदा आपल्या कॉलेजांची मधली घरं भरतील. ५७ आणि १२५ साठी धावाधाव होईल. दंगलीत नाव काढलेली दोन-चार पोरं विद्यापीठापर्यंत जातील आणि त्यातलं एखादं मेडलही आणेल. त्याचं आपण कौतुक करू, गावात बॅनरही लागेल.

पण आठ वर्षांनंतरचा संघ आज आपल्या वर्गात खाली सतरंजीवर बसला आहे. दुपारच्या सुट्टीत एकमेकांना ढाक लावतो आहे, मार खातो आहे आणि घंटा झाली की धूळ झटकून पाढे म्हणायला बसतो आहे. त्याचा अंदाज वर्तवायची गरज नाही. त्याच्या ताटात काय पडतं तेवढं आजपासून बघत राहू.